डिझेलमधला अर्धा

किशोरीने पासबुक मशीनच्या फटीत सरकवलं आणि पदराच्या टोकाने कपाळावरचं पावसाचं पाणी टिपलं. मशीनने पासबुक आत ओढलं, आतल्या आत थोडी कुरकुर केली आणि परत बाहेर ढकललं. नवी ओळ एकच होती. मोबाईलवर निरोप पाठवल्याबद्दल बँकेने अठरा रुपये कापले होते.

"निरोप धाडायचे पैसे कापतात," ती मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, "आणि निरोप काय? तर पैसे कापले."

मासेमारीच्या बोटीला लागणाऱ्या डिझेलवरचा कर सरकार परत करतं. आधी भरायचा, मागाहून घ्यायचा. भरण्याचं काम नळी टाकीत असतानाच पुरं होतं. घेण्याचं काम तीन वर्षं चाललं होतं. मच्छीमार सोसायटीत चौकशी केली की क्लार्क म्हणे, "वरून सुटला नाही." वर म्हणजे नेमकं कुठे, हे त्यालाही ठाऊक नसावं, तो बोट उचलून पंख्याकडे दाखवी.

मुरूडहून मिनीडोरने ती आगरदांड्याच्या अलीकडे, आपल्या कोळीवाड्याशी उतरली. जेटीपलीकडे दिघीची फेरी भोंगा देत होती. तिची बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, निळ्या ताडपत्रीखाली. बोट किशोरीच्या नावावर होती, कारण तिच्या बापाने जावयाची पारख लग्नाआधीच करून ठेवली होती. जावई दादू मनाचा निर्मळ, हाताचा मेहनती आणि व्यवहाराला अगदी निरुपयोगी. घरात तो नवरा होता आणि बोटीवर एका वाट्याचा खलाशी, आणि दोन्ही नोकऱ्यांत मालकीण तीच असल्यामुळे त्याला कुठे तक्रार करायची सोय नव्हती.

परतावा तिला चैनीला नको होता. तिला तांडेल हवा होता, बोट हाकणारा. तांडेलाशिवाय बोट म्हणजे लाकूड. नारळी पुनवेला बोटी पाण्यात जाणार, आणि जी जाणार नाही तिच्या इंजिनाचा हप्ता मात्र जायचा तो जाणारच. गेल्या दोन हंगामांत दोन तांडेल झाले. एकाने जाळं खडकावर घातलं. दुसरा घालत नव्हता, पण शुद्धीवर असला तरच.

चांगला तांडेल एकच होता, येसाजी. तो कमलेशच्या बोटीवर होता.

वाटेत कमलेश आपल्या घराच्या ओटीवरच बसलेला होता. तीन बोटींचा नाखवा, म्हणजे मालक, आणि सोसायटीचा चेअरमन. दोन्ही पदं तो एकाच खुर्चीवर बसून सांभाळी.

"आला का परतावा, वहिनी?"

"तुमच्याकडे आला काय, भाऊजी? आला असंल तर आमच्याकडंबी वाटेत असंल."

"नाही अजून. पण ऐका." त्याने खुर्ची पुढे ओढली. "आला, तरी ते वाटपाचं खूळ डोक्यातनं काढा. पावती बोटीच्या नावाची, परतावा नाखव्याचा. माझ्या बापाच्या वेळेपासून असंच आहे."

"तुमच्या बापाच्या वेळी वल्ही होती, भाऊजी. डिझेल कुठलं?"

कमलेश हसला. पोट हललं, डोळे जागेवर राहिले.

"बोला मग तुम्ही. पण पुनवेपर्यंत तांडेल मिळाला नाही, तर बोट दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी घेतो. दादूला पण ठेवतो. एका वाट्याने."

किशोरीच्या पायातली चप्पल चिखलात रुतली होती, ती तिने जरा जास्तच जोराने ओढून काढली.

त्या खुळाची गोष्ट अशी. तीन वर्षांमागे डिझेल एकदम चढलं आणि माणसांचे वाटे पातळ झाले. या किनाऱ्यावर हिशेबाची रीत एकच: मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा करायचा, मग उरेल त्याचे दोन भाग. अर्धा बोटीचा, अर्धा माणसांचा. माणसांच्या अर्ध्यात तांडेलाला दोन वाटे, बाकी खलाशांना एकेक. माणसं सोडून जायला निघाली तेव्हा किशोरीने सगळ्यांना जेटीवर बसवलं आणि विचारलं, डिझेल आपण कशातनं वजा करतो? सगळ्यांच्या मासळीतनं. मग त्या डिझेलचा जो कर परत येईल, तो एकट्या बोटीचा कसा? अर्धा तुमचा.

असं आजवर एकही नाखवा बोलला नव्हता. कुणी विचारलं नव्हतं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. नाखवे काही वाईट नव्हते, फक्त शांत होते. त्या शब्दावर माणसं हंगामभर टिकली. परतावा मात्र आला नाही, आणि नुसत्या शब्दावर किती दिवस भात शिजणार? पुढच्या वर्षी येसाजीची मुलगी अमिषा नर्सिंगला लागली. फी भरायची होती. कमलेशने तीस हजार उचल पुढे केली. हंगामाआधी अंगावर घेतलेली ही रक्कम फिटेपर्यंत माणूस दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवत नाही, हा कोळीवाड्याचा कायदा. आणि उचल सहसा फिटत नाही. हंगामाअखेर वाट्यातून कापली जाते आणि पावसाळ्यात पुन्हा तेवढीच घेतली जाते.

येसाजी गेला. जाताना किशोरीच्या घरावरून गेला नाही, मागच्या वाटेने गेला. त्याची बायको नलू मुरूडच्या बाजारात किशोरीच्या शेजारीच टोपली लावायची. जागा तीच राहिली, बोलणं थांबलं. गिऱ्हाईक एकीला भाव विचारून दुसरीकडे वळलं, तर पूर्वी दोघी मिळून त्याची टर उडवायच्या. आता दोघी वेगवेगळी उडवत.

पुनवेच्या आधीच्या सोमवारी दादू पडवीत फाटकं जाळं नीट करत बसला होता. फोन वाजला. त्याने हात पँटला पुसले, फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"काय हाय?" किशोरीने चुलीजवळूनच विचारलं.

"काय कापलं न्हाय."

"मग?"

"घातलंय. एक लाख... थांब. एक लाख चव्वेचाळीस हजार."

ती बाहेर आली. फोन घेतला. आकडा वाचला, खातं वाचलं, आपलंच आहे ना म्हणून शेवटचे आकडे बोटाने मोजले. पहिल्या एका हंगामाचाच परतावा सुटला होता. बाकीचा अजून पंख्यापाशीच होता. पण तो हंगाम येसाजीचा होता.

दादूने पडवीच्या कोपऱ्यातला शंख उचलला.

"ठेव तो खाली!"

"आनंद झाला तं वाजवू नये काय?"

"वाजवायचा. पण मी सांगंन तवा."

कोळीवाड्यात त्या सकाळी बरेच फोन वाजले होते आणि एकही शंख वाजला नव्हता. दुपारी कमलेशने नाखव्यांना चहाला बोलावलं. किशोरीला बोलावलं नाही. दादूला मात्र वाटेत कुणीतरी सांगितलंच, की सध्या बोभाटा नको असं ठरलं आहे. पुनव होऊ दे, बोटी पाण्यात जाऊ देत, मग बघू. नाखवे एकमताने गप्प बसले. सोसायटीच्या इतिहासात एकमताने झालेला हा दुसरा ठराव. पहिला चेअरमनच्या खुर्चीला गादी करण्याचा होता.

रात्रीचं आवरल्यावर किशोरी हिशेबाला बसली. एक लाख चव्वेचाळीस. अर्धे बहात्तर माणसांचे. वाटे सहा: येसाजीचे दोन, धर्माजीचा एक, सखुबाईच्या दोन पोरांचे दोन, दादूचा एक. वाट्याला बारा हजार. तांडेलाला चोवीस.

चोवीस लिहून ती थांबली. येसाजीच्या अंगावर तीस होते, हे अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक होतं. तिने पेन्सिल कानामागे खोचली. पुन्हा काढली. दादू घोरत होता. बोटीच्या बहात्तरातून सहा कमी झाले तर बोट काही बुडत नाही, असं तिने मनाशी ठरवलं आणि चोवीसच्या जागी तीस केले. बाजारात, चारचौघांत, गडबडीत पुडकं हातात ठेवायचं. तिथं कोण मोजत बसतंय?

किशोरीच्या आयुष्यातली ही व्यवहारातली सर्वांत मोठी चूक असावी. कोळणींच्या बाजारात कुणी मोजत नाही, असं तिने गृहीत धरलं.

मंगळवारी बँकेतून रक्कम काढून ती थेट बाजारात गेली. मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी खाडीतली चार-दोन टोपल्या. बाकी सगळीकडे सुके बोंबील, जवळा, सोडे. ओट्यावर बायका दाटीवाटीने बसलेल्या. किशोरीने टोपली मांडली नाही. ती मधल्या वाटेत उभी राहिली.

"सखुबाय! तुझ्या दोन पोरांचा वाटा."

सखुबाईने प्लास्टिकच्या पिशवीतलं पुडकं घेतलं. "कसला गो? बोटी तं बंद हायेत."

"डिझेलच्या परताव्याचा. त्या वर्षी तुझी पोरं माझ्या बोटीवर होती ना? डिझेल तुमच्याबी मासळीतनं गेलं. त्यातलं अर्धं तुमचं."

ओट्यावर भाव करायचा आवाज बसला. एका गिऱ्हाइकाच्या हातातले बोंबील हातातच राहिले.

"भागुबाय, तुझ्या धर्माजीचा."

भागुबाईने पुडकं कमरेला खोचण्याआधी नोटांवरून अंगठा फिरवला. फर्रकन आवाज झाला. "बारा," ती म्हणाली. मग कपाळाला लावलं.

"आणि दादूचा एक वाटा." किशोरीने उजव्या हातातलं पुडकं डाव्या हातात दिलं आणि डाव्या हाताने कमरेला खोचलं. "मिळाला."

"सही कर गो!" भागुबाई ओरडली. "न्हायतं उद्या म्हणशील नाखवीणीनं दिलाच न्हाय!"

सगळा ओटा हसला. कोळीवाड्यात पैसा पुरुषाच्या हातून वाहतो आणि बाईच्या हातात थांबतो. म्हणून किशोरीने एकाही खलाशाला हाक मारली नव्हती. खलाशी ऐकून घेतो, खांदे उडवतो, दोन दिवसांनी विसरतो. बाई घरी जाते, ताटात भात वाढते आणि विचारते.

नलू खाली मान घालून सोडे निवडत होती. किशोरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"येसाजीदादाचा. तांडेलाचे दोन वाटे."

नलूने हात पुसले. दोन वर्षांत पहिल्यांदा वर बघितलं. "त्यांनी तुझी बोट सोडली."

"नंतर सोडली. डिझेल आधी जाळलं."

नलूने पुडकं घेतलं. शेजारी सखुबाई आपलं पुडकं मांडीवर ठेवून बसली होती. दोन पोरं, दोन वाटे. तांडेल, दोन वाटे. नलूने आपलं पुडकं हाताने तोललं, सखुबाईच्या मांडीकडे एकदा पाहिलं, आणि टोपलीतल्या फडक्याखाली ठेवलं.

"नलू बोलली काय?" घरी आल्यावर दादूने विचारलं.

"ती कशाला बोलंल?"

"मग आता?"

"आता तू शंख वाजव."

दादूने इतका वाजवला की जेटीवरचा तिकीटवाला बाहेर येऊन आभाळाकडे बघू लागला.

संध्याकाळी पाऊस उघडला. किशोरी ताडपत्रीवरचं साठलेलं पाणी उपसत होती, तेव्हा वाटेवरून बायका जाताना दिसल्या. आधी तिघी-चौघी, मग घोळका. भागुबाईचा नवरा कमलेशकडे कामाला नव्हता, तरीही ती सर्वांत पुढे होती. आपला बारा हजारांचा अनुभव घेऊन ती इतरांच्या मदतीला निघाली होती. किशोरीने तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या मागून, जरा अंतर ठेवून, चालू लागली.

कमलेशच्या ओटीसमोर बायका उभ्या राहिल्या. मग बसल्या. उभा माणूस परत जातो, बसलेला नाही.

"भाऊ, परतावा आला म्हणं तुमचा?" एकीने विचारलं.

"आलाय... म्हणजे, आकडे तपासायचे आहेत."

"तपासा. आमी बसतो."

"अहो, असं लगेच कसं होईल? रीत बघावी लागेल. बाकीच्या नाखव्यांशी बोलावं लागेल. मी विचार करतो."

"करा," भागुबाई म्हणाली. "इथंच करा. आमालाबी दिसंल कसा करतात."

तेव्हा घोळक्यातून नलू पुढे आली. मागे, रस्त्याच्या कडेला, येसाजी छत्री मिटून उभा होता आणि छत्रीच्या टोकाकडे बघत होता. नलूने ओटीच्या काठावर पैसे ठेवले.

"तीस हजार. यांची उचल."

"येसाजीला बोलव."

"ते हायेत पाठी. पण उचल मी घेऊन गेले होते, मीच आणली. मोजून घ्या."

कमलेशने पैशाला हात लावला नाही. त्याने पैशाकडे पाहिलं, समोर बसलेल्या बायकांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याच्या ओटीवर उचल घ्यायला पुष्कळ जण आले होते. परत द्यायला कुणी आलं तर काय बोलायचं, याची त्याला सवय नव्हती.

"नलू, ऐक. राहू दे हे. अर्धा परतावा मी पण देतो येसाजीला. वर पाच हजार जास्त."

वाक्य पुरं झाल्यावर ते आपण मोठ्याने बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

"ऐकलंत गो!" भागुबाईने मागे वळून हाक दिली. "अर्धा देतो म्हणाले! चेअरमन म्हणाले!"

यानंतर ओटीवर जो कल्ला झाला त्यात कमलेशचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. त्याची म्हातारी आई दारात येऊन उभी होती. तिने एकेकाळी याच बाजारात बोंबील विकले होते. ती मुलाला एवढंच म्हणाली, "दे, आणि जेवायला ये."

नलूने कमलेशला तीस हजार मोजून घ्यायला लावले. मग ती गर्दीतून बाहेर पडली आणि सरळ किशोरीपाशी आली. कमरेची पिशवी काढून तिने किशोरीच्या हातावर ठेवली.

"हे सहा हजार तुझे."

"माझे कसे?"

"बारा दुणे चोवीस. सखुबाईचं पुडकं माझ्या शेजारीच होतं."

किशोरीने पिशवीची गाठ बोटाने चाचपली. चोरी पकडल्यावर पोरं करतात तसा तिने चेहरा केला, आणि तो जमला नाही.

"मग तिथं तीस कुठनं दिलेस?"

"बोंबील विकले. म्हसळ्याचा व्यापारी बाजारात आला होता. सगळे त्याला दिले. भाव पाडून घेतले मेल्यानं."

"अगो, मना विचारायचं तरी!"

"तुना काय विचारायचं? तू तरी मना विचारलंस?" नलूचा आवाज चढला, आणि लगेच खाली आला. "माझा नवरा विकत न्हाय येत, किशोरी. वाट्यानं येतो."

"किती वाट्यानं?"

"दोन. आणि परतावा येईल त्यातले दोन. कवाबी येऊ दे."

रस्त्याच्या कडेचा येसाजी आता तिथे नव्हता. उतारावर ताडपत्री उचललेली दिसत होती, आणि खाली वाकून कुणीतरी बोटीचं सुकाणू हाताने हलवून बघत होतं.

किशोरीने पिशवी कमरेला खोचली. "सरकारला तीन वर्षं लागली. तू एका दिवसात परत दिलेस."

"मना वरून सुटावं लागत न्हाय."

दोघी वाटेला लागल्या. मागे ओटीवर भागुबाई कुणाला तरी बारा दुणे, बारा तिणे समजावून सांगत होती. किशोरीच्या दाराशी येऊन नलू थांबली, आपल्या घराकडे पुढे गेली नाही.

"घरात काय हाय?" तिने विचारलं.

"जवळा."

"चालंल. आमच्यात आज कालवणाला काय ठेवलं न्हाय. तिखट कर."

किशोरीने आत डोकावून हाक मारली, "अरे, तांदूळ जास्त धू. अजून तीन माणसांचे."

"कोण येतंय?" दादूने आतून विचारलं.

"नलू, अमिषा," ती म्हणाली, आणि पायरीवर चप्पल काढता काढता पुढचं नाव अगदी सहज घेतलं, "आणि आपला तांडेल."